पिंजऱ्याबाहेरची राणीची बाग

मुंबईंत ज्यांचें घर आहे, अथवा मुंबईस ज्यांचे मामा, मावशी किंवा आत्या राहतात, अशा कुटुंबांत राणीची बाग न पाहिलेलें मूल विरळाच सांपडावयाचें. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी लागली, म्हणजे धाकट्या मंडळींचा हट्ट सुरू होतो. डबे भरले जातात, पाण्याच्या बाटल्या घेतल्या जातात, आणि एखाद्या हौशी काकांच्या गळ्यांत कॅमेरा अडकवून सारा लवाजमा भायखळ्यास निघतो. तेथें पिंजऱ्यांतील जनावरें आणि २०१७ सालीं लोकांस पाहावयास खुले केलेले पेंग्विन पक्षी एवढे डोळ्यांखालून गेले, कीं बाग पाहून झाली असें समजून मंडळी परत फिरतात. काकांच्या कॅमेऱ्यांत गजांच्या व कांचेच्या मागें बसलेल्या जनावरांचीं चित्रें भरलेलीं असतात.

ह्या सहलीस आम्ही नांव ठेवीत नाहीं. परंतु हीच मंडळी एका पिंजऱ्यापासून दुसऱ्या पिंजऱ्याकडे चालत जात असतां त्यांच्या डोक्यावर, वाटेच्या कडेस आणि कुंपणाच्या जाळींत शेंकडों स्वतंत्र जीवांचा संसार चाललेला असतो, व त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. कोणीं न पाळलेल्या आणि कोणीं न कोंडलेल्या ह्या रहिवाशांची ओळख वाचकांस करून द्यावी. त्यांचें छायाचित्र कसें घ्यावें, आणि विशेषतः कोणतें घेऊं नये, ह्याचाही थोडा विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षांत ठेवावयास हवी, ती ही कीं, ही बाग मूळची जनावरांची नव्हे, झाडांची आहे. पश्चिम हिंदुस्थानांतील शेतकी व बागाईत ह्यांच्या अभ्यासासाठीं स्थापन झालेल्या मंडळीची बाग पूर्वीं शिवडीस होती. ती जागा युरोपियन लोकांच्या कबरस्तानाकडे गेल्यावर भायखळ्यास नवी बाग घालण्यांत आली, आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांच्या पत्नीच्या हस्तें ती लोकांस खुली झाली. १८७३ सालीं ती म्युनिसिपालिटीकडे आली. प्राणिसंग्रहाची भर त्यानंतरची आहे. राणी व्हिक्टोरियाचें नांव जाऊन आज ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ हें नांव बागेस आहे. तथापि लोकांच्या तोंडची ‘राणीची बाग’ कायमच आहे.

सुमारें पन्नास एकरांच्या ह्या जागेंत देशोदेशींचे वृक्ष एकमेकांच्या शेजारीं उभे आहेत. आफ्रिकेची गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती, ब्रह्मदेशची उर्वशी आणि आपल्या घरचा सीतेचा अशोक हीं त्यांतलीं कांहीं नांवें. सभोंवतीं एके काळीं गिरण्यांच्या चिमण्या होत्या. आज त्यांच्या जागीं उंच मनोरे आले आहेत. ह्या सिमेंटच्या पसाऱ्यांत ज्या पांखरास पोकळ फांदी हवी, ज्या वटवाघळास उंच शेंडा हवा आणि ज्या सुरवंटास एका विशिष्ट झाडाचेंच पान हवें, त्यानें जावें कोठें? तें येथें येतें. दीड शतकापूर्वीं ज्यांनीं हीं झाडें लावलीं, त्यांनीं नकळत एक धर्मशाळाच बांधून ठेविली म्हणावयाची.

ह्या धर्मशाळेंतले नजरेंत सहज भरण्याजोगे उतारू म्हणजे मोठीं वटवाघळें. उंच झाडांच्या शेंड्यांवर तीं दिवसभर उलटीं टांगलेलीं असतात. एकदां एक लहान मुलगा वर बोट दाखवून वडिलांस विचारीत होता, “बाबा, हीं फळें कसलीं हो?” वडील म्हणाले, “असतील कसलीं तरी. चल, पेंग्विनची रांग वाढते आहे.” तीं फळें नव्हेत, तर फळांवर जगणारे सस्तन प्राणी आहेत. पंख पसरले असतां ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सुमारें चार फूट भरतात. लहान जातीचीं कीटकभक्षक वटवाघळें प्रतिध्वनीच्या साह्यानें वाट काढतात. हीं मोठीं मात्र आपल्या टपोऱ्या डोळ्यांवर व नाकावर विसंबतात. उन्हाची काहिली वाढली म्हणजे तीं एक पंख हालवून वारा घेतात आणि अंग चाटून तें ओलें करितात. मादीला वर्षाकांठीं एकच पिलूं होतें, व तें कित्येक आठवडे आईच्या पोटाला घट्ट बिलगून असतें.

ह्या प्राण्याविषयीं आपल्या घरांतून जी किळस व भीति आढळते, ती केवळ अज्ञानमूलक आहे. वड, पिंपळ, उंबर ह्यांचीं बीजें रात्रींतून दूरवर पसरविण्याचें आणि अनेक वृक्षांच्या फुलांत पराग पोंचविण्याचें काम हींच वटवाघळें करितात. गोरखचिंचेचें मोठें पांढरें फूल रात्रीं उमलतें, आणि तिच्या मायदेशीं, आफ्रिकेंत, तिच्याकडे येणारा पाहुणा वटवाघूळच असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत मात्र फळें खाणाऱ्या वटवाघळांस उंदीर व कावळे ह्यांच्या पंक्तीस, उपद्रवी प्राण्यांच्या यादींत बसविलें होतें. २०२२ च्या दुरुस्तीनें ती यादीच कायद्यांतून गेली. म्हणजे ह्या जीवाच्या कपाळचा कलंक पुसला जावयास पन्नास वर्षें लागलीं.

दुसरा रहिवासी रातबगळा. काळी टोपी, काळी पाठ, राखी पंख आणि माणकासारखा लाल डोळा असा हा पक्षी दिवसा दाट पानांत मान खांद्यांत ओढून बसलेला असतो. एखाद्या वृद्ध गृहस्थानें शाल पांघरून डुलकी घ्यावी, तसा. संध्याकाळ झाली, कीं ‘क्वाक्’ असा एकच कर्कश शब्द करून तो मासे व बेडूक शोधावयास निघतो. पिलांचा वर्ण अगदीं निराळा, तपकिरी व ठिपक्यांचा असतो, त्यामुळें तीं दुसऱ्याच जातीचीं आहेत असा पुष्कळांचा समज होतो.

तांबट मात्र प्रथम कानांनीं ओळखावा. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी, तसा ‘टुक् टुक् टुक्’ असा त्याचा एकसुरी आवाज उन्हाळ्याच्या दुपारीं ऐकूं येतो. आवाजावरून पक्षी केवढा तरी मोठा वाटतो. असतो मात्र चिमणीहून किंचित् मोठा, हिरव्या अंगाचा, कपाळीं व छातीवर लाल टिळा लावलेला. सकाळीं तो निष्पर्ण शेंड्यावर ऊन खात बसतो. छायाचित्रास ती वेळ उत्तम. वाळलेल्या, मऊ झालेल्या फांदींत चोंचीनें भोंक पाडून त्यांत तो घर करितो. ही वाळलेली फांदी वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिच्याकडे आपणांस पुनः यावयाचें आहे.

खालच्या झुडपांत शिंपी पक्ष्याचें कसब पाहावें. रुंद पानाच्या कडांस चोंचीनें भोकें पाडून, कापूस व कोळ्याचें जाळें ह्यांचा दोरा ओवून तो पानाची पिशवी शिवतो आणि तींत घरटें घालतो. आपल्या घरीं कुंडींत कढीपत्ता असेल, तर त्याच्या पानावर पांखराच्या विष्ठेसारखा दिसणारा एक किडा गृहिणींनीं अनेकदां झटकून टाकला असेल. तो लिंबाच्या फुलपांखराचा, किंवा त्याच्याच कुळांतल्या दुसऱ्या एखाद्या फुलपांखराचा, सुरवंट होय. मोठा झाल्यावर तो हिरवागार होतो, आणि डिवचला तर डोक्यामागून नारिंगी दुभंगी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतो. २०१५ सालीं महाराष्ट्रानें राज्य-फुलपांखरूं म्हणून ज्याची निवड केली, तें निळ्या-काळ्या पंखांचें मोठें फुलपांखरूंही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच अंडीं घालतें. घरच्या कढीपत्त्याचीं चार पानें गेलीं तर गेलीं, परंतु मुलांना सुरवंटाचें फुलपांखरूं होतांना पाहावयास मिळालें, तर शाळेंतला एक धडा घरच्या गच्चींतच झाला.

हें सर्व पाहावयाचें कसें, हा पुढचा प्रश्न. अनुभवाअंतीं आमचें मत असें झालें आहे कीं, पहिल्या दिवशीं कॅमेरा घरींच ठेवावा. दुर्बीण असल्यास ती न्यावी, नसल्यास डोळे पुरेत. सबंध बाग फिरण्याचा आग्रह धरूं नये. फळांवर आलेला एखादा वड किंवा उंबर शोधावा, त्यापासून जरा दूर बांकावर बसावें, आणि अर्धा तास कांहींएक करूं नये. प्रथम कांहींच दिसत नाहीं. मग एक पान हालतें, मग त्या पानाला चोंच फुटते, आणि थोड्याच वेळांत सारें झाड सजीव झाल्याचा प्रत्यय येतो. ह्या कामीं एकत्र कुटुंबाचा फायदा मोठा आहे. आजोबांना घाई नसते, म्हणून ते उत्तम निरीक्षक होतात. आजीला औषधांच्या व पूजेच्या निमित्तानें झाडें ठाऊक असतात. मुलांचे कान तीक्ष्ण असतात. आणि ज्याचें अक्षर बरें, त्यानें तारीख, वेळ, झाड, पक्षी आणि त्याची करणी अशी वही ठेवावी. पावसाळ्यापूर्वींची, श्रावणांतली व थंडींतली बाग ह्या तीन निराळ्या बागा आहेत, हें त्या वहीवरूनच उमजेल.

आतां कॅमेऱ्याविषयीं. सूर्य आपल्या पाठीशीं असावा व ऊन कोंवळें असावें. वर पाहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर चित्र घेतलें, तर पांखरूं काळें ठिक्कर येतें. अशा वेळीं कॅमेऱ्यांतला प्रकाश थोडा वाढवून घ्यावा, किंवा मागें हिरवी पानें येतील अशी जागा शोधावी. डोळा स्पष्ट आला पाहिजे. पंख किंचित् पुसट आले तरी चालतात, डोळा पुसट आलेला चालत नाहीं. बसलेल्या पक्ष्यास सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. उडत्या पक्ष्यास हजारावा भाग हवा. लहान पक्ष्यांसाठीं ३०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब भिंग लागतें. परंतु तें नाहीं म्हणून कोणीं निराश होऊं नये. फुलपांखरें, सरडे, खारी, कोळ्यांचीं जाळीं आणि झाडांच्या साली ह्यांसाठीं हल्लीं घरोघर असलेला मोबाईल पुरेसा आहे. सरड्याचें चित्र घ्यावयाचें तर जमिनीशीं बसावें. विणीच्या हंगामांत नराचा गळा लाल होतो आणि तो जोर काढल्यासारखें अंग खालवर करितो, ती ऐट त्याच्या उंचीवरूनच दिसते.

तथापि ह्या विषयांतला खरा प्रश्न भिंगाचा किंवा वेगाचा नाहीं. १८९२ सालीं इंग्लंडांत रिचर्ड व चेरी कीर्टन ह्या बंधूंनीं अंड्यांसह पक्ष्याच्या घरट्याचें छायाचित्र घेतलें; पक्ष्यांच्या छायाचित्रणाच्या इतिहासांत तें अगदीं आरंभींचें म्हणून प्रसिद्ध आहे. पक्षी बुजूं नयेत म्हणून पुढें त्यांनीं बैलाचें कातडें चढविलेला पोकळ सांगाडा तयार केला, आणि त्याच्या पोटांत कॅमेरा घेऊन ते तासन् तास उभे राहूं लागले. चित्रासाठीं त्या बंधूंनीं स्वतः अवघडून घेतलें. आज आपल्याकडील कित्येक हौशी मंडळींचा मार्ग ह्याच्या अगदीं उलट दिसतो. भर दुपारीं वटवाघळांच्या झाडाखालीं टाळ्या वाजवून, शिट्ट्या मारून त्यांस उडविण्याचा प्रयत्न करणारे एक गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. त्यांस उडत्या वटवाघळाचें चित्र हवें होतें. संध्याकाळीं तीं आपण होऊन उडालीं असतीं. परंतु तेवढा वेळ थांबावयाची त्यांची तयारी नव्हती. ज्या ऋतूंत आईच्या पोटाशीं पिलूं असतें, त्या ऋतूंत अशा एका टाळीची किंमत काय पडते, ह्याचा विचार त्यांच्या मनास शिवला नसावा.

घरट्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. चित्र स्वच्छ यावें म्हणून पुढचीं दोन पानें बाजूस सारलीं, तर तीच दोन पानें अंड्यांवरची सावली असतात. आपण जवळ उभे आहों तोंवर आई परत येत नाहीं, आणि अंडीं उन्हांत तापतात. शिवाय माणूस कोठें टक लावून पाहतो आहे, हें वरून कावळा पाहत असतो. आपण गेलों कीं तो येतो. पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज मोबाईलवर लावून त्यास जवळ बोलावण्याची चाल पडली आहे; त्यानें प्रतिस्पर्धी आला असें समजून बिचारा पक्षी आपली कामें टाकून व्यर्थ झुंजावयास येतो. घुबडाच्या किंवा पिंगळ्याच्या डोळ्यांत रात्रीं लख्ख प्रकाश पाडणें हाही त्यांतलाच प्रकार. म्हणून नियम एकच सांगतां येतो. आपल्यामुळें ज्या प्राण्याचें बसणें, खाणें किंवा पिलांस भरविणें थांबलें, त्याचें चित्र घेऊं नये.

ह्यावर कोणी म्हणतील, चित्रांमुळेंच तर लोकांस पांखरांविषयीं प्रेम वाटूं लागतें. मग थोडा त्रास झाला तर काय बिघडलें? पहिली गोष्ट आम्हांस मान्य आहे. मुंबईंतच १८९६ सालीं जन्मलेल्या सलीम अलींनीं लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून त्यांस नवल वाटलें, आणि ती ओळखून घेण्यासाठीं ते १८८३ पासून चालत आलेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत मिलर्डसाहेबांकडे गेले. तेथूनच त्यांचा पक्ष्यांचा अभ्यास सुरू झाला. कुतूहलाची किंमत त्या काळीं एका चिमणीच्या जीवानें भरावी लागली. आजच्या मुलाच्या हातांत बंदुकीच्या जागीं कॅमेरा आहे. पिवळा डाग त्यास चिमणीचा प्राण न घेतां पाहतां येतो. ही केवढी सोय झाली! मग ती मिळाली असतांही प्राण्याकडूनच किंमत वसूल करावी, ह्यांत कॅमेऱ्याचा उपयोग तो काय राहिला?

आणि घरट्याला जीं संकटें आहेत, तीं सर्वच कॅमेऱ्याचीं नाहींत. आतां त्या वाळलेल्या फांदीकडे वळूं. पावसाळ्यापूर्वीं शहरांत झाडांच्या धोक्याच्या फांद्या छाटतात. तें आवश्यकच आहे; रस्त्यावर फांदी पडून माणूस दगावावा असें कोण म्हणेल? परंतु तांबटाचीं पिलें पुष्कळदां त्याच सुमारास त्याच वाळक्या फांदींत असतात. कोणत्या फांदींत बिऱ्हाड आहे, हें कोणीं पाहून ठेविलें असेल, तर फांदी पंधरा दिवस उशिरां तोडतां येते, किंवा जेथें माणसांची वाट नाहीं तेथें ती राहूं देतां येते. पाहणारा नसेल, तर ती निव्वळ लांकूड म्हणून जाते.

सबंध बागेच्याही वांट्यास असा प्रसंग येऊन गेला आहे. २००७ च्या सुमारास बागेचें रूप पार पालटून टाकणारी मोठी योजना पुढें आली. तींत शेंकडों जुन्या झाडांचें काय होणार, अशी भीति वाटून नागरिक पुढें सरसावले. त्यांत स्त्रियांचा पुढाकार मोठा होता. त्यांनीं झाडें ओळखलीं, त्यांच्या याद्या केल्या, आणि ही बाग म्हणजे नुसती मोकळी जागा नसून वृक्षांचा ऐतिहासिक ठेवा आहे, हें वर्षानुवर्षें पटवून दिलें. ती योजना त्या स्वरूपांत मागें पडली. नवीं दालनें व नवे पिंजरे पुढें झालेच, परंतु जुने वृक्ष बहुतांशीं उभे राहिले. ज्याची यादी होते त्याचें रक्षण करतां येतें, हा त्यांतला धडा आहे.

म्हणूनच घरच्या वहीला आम्ही एवढें महत्त्व देतों. ‘ईबर्ड’ व ‘आयनॅचरलिस्ट’ ह्या जगभरच्या नोंदवह्यांत तुमचें आमचें साधें छायाचित्रही, तारीख व ठिकाण असल्यास, उपयोगी पडतें. अभ्यासकांस त्यावरून कोणता जीव केव्हां व कोठें होता हें कळतें. पुसट आलेलें तांबटाचें चित्रही तेथें पुराव्याचें काम करितें. मात्र घरट्याची नेमकी जागा कोणासही जाहीर सांगूं नये. तेवढें गुपित त्या पांखराचें म्हणून राखावें.

येत्या सुटींत मुलांना घेऊन भायखळ्यास जावयाचें ठरलें, तर पेंग्विन अवश्य दाखवावेत. मुलांचा हिरमोड करूं नये. त्यानंतर मात्र एखाद्या उंबराखालीं अर्धा तास बसावें. तांबटाचा आवाज आला, तर मुलांसच तो शोधूं द्यावा; आपण बोट दाखवूं नये. चित्र साधलें तर तें घरच्या वहींत तारखेसह चिकटवावें. न साधलें, तर ‘आवाज ऐकला, पक्षी दिसला नाहीं’ एवढेंच त्या दिवसाखालीं लिहावें. तीही नोंदच आहे, आणि पुढल्या सुटींत पुनः तेथें जाण्यास तेवढें कारण पुरेसें आहे.